धुतलेली फळी

नुआकशोत. रात्रीचे अडीच. वीज गेलेली.
मोबाइलच्या उजेडात तेच पान पुन्हा:
मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा.
पान पिवळंधमक. प्रत्येक ओळीवर मार्कर फिरवलाय,
म्हणजे एकाही ओळीवर नाही.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं,
मासळीबाजारात रोज दिसणाऱ्या
पण नाव ठाऊक नसलेल्या माणसासारखं.
पुस्तक मिटलं की सातवी गायब.

परवाच्या चाचणीत वीसपैकी सहा.
सलका म्हणाली, अजून वाच.
अजून वाचलं.

आणि मग, कुठून कोण जाणे,
खोलीत डिंकाचा वास आला.

मी आठ वर्षांची. तंबू, शेळ्या,
आणि लेमराबत यहदीह, आमचे गुरू,
कोळशात बाभळीचा डिंक कालवताना.
लाकडी फळीवर बोरूनं पाच ओळी,
व्याकरणाच्या, पद्यात बांधलेल्या.
मोठ्यानं म्हणायच्या. चारदा, पाचदा.
मग ते म्हणायचे ती गोष्ट, जिच्यासाठी
मी त्यांचा मनापासून राग केला:
"धू."

"अजून पाठ नाही झालं!"
"म्हणूनच."

काळे ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत.
पाणी पायदळी येऊ नये म्हणून
झुडपाच्या मुळाशी ओतायचं
आणि ओल्या, कोऱ्या लाकडाकडे बघत
म्हणायला लागायचं.

अडखळले की ते शब्द द्यायचे नाहीत.
बोरूचं टोक गुडघ्यावर टेकवून
नुसते थांबायचे.
शेळी ओरडायची. चहा उकळायचा.
मी रडकुंडीला यायचे.
तेव्हा वाटायचं, माणूस दुष्ट आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
पण कितीदा आडात असतं,
पोहराच सोडलेला नसतो आपण.
आमची विहीर चाळीस वाव खोल. दोर ओढणारं गाढव
वाळूत वाट पाडायचं, वारा ती पुसायचा,
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडायचं.
कधीतरी त्याला हाकावंच लागेना.

कालचं आज विचारायचे. मग चार दिवस गप्प.
मग दूध काढताना, हात गुंतलेले असताना,
अचानक खजूर उतरवण्याआधीचं काहीतरी,
जे मी सुखानं विसरत आले होते.
"विसरायला लागलीस? छान. आता म्हण."
आणि अंधार पडला की फळी उलटी ठेवून:
"झोप. दाणे बाहेर पडलेत,
रात्रीत मुंग्या आत नेतील."

मी बारावं संपवून शहरात आले
आणि मार्कर विकत घेतला.

शेवटच्या वर्षी त्यांचा अर्धा चेहरा
एका सकाळी झोपूनच राहिला.
डावा डोळा मिटेना. चहा ओठांच्या कोपऱ्यातून
दाढीत उतरायचा. हसले की
एकच बाजू हसायची.
आम्ही मुलं तंबूमागे जाऊन
त्यांच्या नकला करायचो. मीसुद्धा.
मीच सगळ्यात चांगली करायचे.

सातवी.
चेहऱ्याची नस.
आता ही मरेपर्यंत जाणार नाही.

पुस्तक सलकाच्या उशाखाली सरकवते.
शेगडीतला कोळसा घेऊन
फरशीवर एक ते बारा आकडे लिहिते,
समोर येतील तशी नावं. चुकलेली पुसते.
मग सगळंच पुसते. ओल्या फडक्यानं.
पुन्हा, या वेळी बारावीपासून उलटं.
पुन्हा, मधूनच, नववीपासून.
हात काळे झालेत कोपरापर्यंत.

सलका कुशीवर वळून विचारते, काय करतेयस?
"धुतेय."

अकरावी अजून येत नाही.
पुस्तक हाताच्या अंतरावर आहे.
मी ते उघडत नाही.
माझ्यासमोर, अंधारात,
गुडघ्यावर बोरू टेकवून
कोणीतरी थांबलेलं आहे.